पान उलटण्याआधी

१

रविवार, १० फेब्रुवारी १९७४. संध्याकाळचे सव्वापाच. साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या मंचावरून निवास लालासाहेब यादव हा अकरा वर्षांचा मुलगा पाणी पिऊन येतो म्हणून उठला आणि परत आला नाही. त्याच्या थोडंच आधी, तो ज्या पुस्तकातून वाचून दाखवणार होता ते चौथीचं पुस्तक टेबलावरून नाहीसं झालं होतं.

फौजदार हंबीरराव जाधव पोचले तेव्हा सभा मोडली होती, पण माणसं हलली नव्हती. मंचावरच्या टेबलावर सरस्वतीची तसबीर, पुढं हळदीकुंकू वाहिलेलं, शेजारी खणावर ठेवलेला नारळ आणि मूठभर तांदूळ. खुर्चीवर निवासचा हिरव्या काचांचा चष्मा होता, काड्या नीट मिटलेला.

माधवनगरच्या तात्या परचुऱ्यांना सांगली-साताऱ्याकडं ओळखत नसेल असं घर कमीच. ज्या पोरांना अक्षर लागत नाही त्यांना ते सव्वा महिन्यात वाचतं करतात, अशी ख्याती होती. हिरवा चष्मा, नाकात ब्राह्मीच्या तेलाचे थेंब, डुलत्या फळीवर तोल सांभाळणं आणि कडक पथ्य, असा त्यांचा उपचार. गेल्या दिवाळीत सांगलीच्या सभेत निवासनं घडाघडा धडा वाचला, तेव्हापासून तात्यांच्या व्हरांड्यात बसायला जागा उरली नव्हती.

हंबीररावांनाही तो व्हरांडा ठाऊक होता. त्यांची धाकटी पमा मागच्या वर्षी तिथं जाऊन आली होती. आजच्या सभेचं बोलावणं घरी आलं होतं, पण बायको विजयमाला सकाळीच म्हणाली, "माझं डोकं दुखतंय. आमी न्हाई येत."

२

बाजूच्या खोलीत त्यांनी एकेकाला बोलावलं.

तात्या हे निवृत्त चित्रकला शिक्षक. पांढरं धोतर, बोटांवर अजून रंगाचे डाग असावेत असं वाटायला लावणारे हात.

"कोणीतरी माझ्यावर उठलंय, फौजदारसाहेब. आधी पुस्तक पळवलं, मग मुलगा."

"पुस्तक गेल्यावर काय झालं?"

"अध्यक्ष मोठे उमदे गृहस्थ. म्हणाले, पुस्तकावाचून काय अडलंय? त्यांनी पिशवीतलं आजचं वर्तमानपत्र काढलं, म्हणाले, हेच वाचून दाखव. निवास म्हणाला, पाणी पिऊन येतो."

"तो खरंच वाचत होता?"

तात्या दुखावले. "सांगलीत पाचशे माणसांनी ऐकलंय. अहो, असा वेग की पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य तोंडात! आणि तुम्हीच विचारता?"

बाप लालासाहेब हवालदार होता. पोराचं वाचन ऐकायला सुट्टी काढून आला होता, गणवेशातच बसला होता. "साहेब, पहिल्या रांगेत हुतो मी. त्यानं माझ्याकडं बगितलं, मी मान हलवली. म्हनलं, जा, पी पानी."

चुलता गुंडा कोपऱ्यात उभा होता. निवासनं शाळा सोडून आपल्या बैलगाड्यांमागं कामाला यावं, असं तो उघड म्हणायचा.

"तू कुठं होतास रे?"

"चा प्यायला ग्येलो हुतो. आवं, मी पोर न्हेऊन कुटं ठिवू? घरातच तर हाय ते माज्या." मग खालच्या आवाजात, "पर साहेब, त्याला हितं आनायला नगं हुतं. रातीपास्नं जेवलं न्हवतं ते."

आई मनुबाई रडत नव्हती. पदराचं टोक पिळत ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती.

"सकाळी ष्ट्यांडवर उतरलो तवा पान्याच्या टाकीजवळच्या खांबाशी गाडी लागली. निवास मला म्हनला, आये, माघारी जायला हितंच यायचं न्हवं? म्हनलं, व्हय. त्यानं खांबाला हात लावून बगितला."

"लहान आहे का तो? पाटी वाचून बसेल गाडीत," हंबीरराव धीर द्यायला म्हणाले.

"व्हय, आता वाचतोय न्हवं," मनुबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

३

तपास सरळ दिसत होता. मुलगा घाबरून घरी, कडेगावला निघाला असेल तर कऱ्हाड-विट्याकडच्या गाडीत सापडेल. नसेल, तर कुणीतरी नेला. रात्रीपर्यंत त्या बाजूच्या सगळ्या गाड्यांच्या कंडक्टरांना विचारून झालं. कुणी पाहिला नव्हता. सोमवारी गुंडाचा चहावाला सापडला. गुंडा खरं बोलत होता. मग उरलं एकच सूत्र. ज्यानं पुस्तक नेलं, त्यालाच मुलगा ठाऊक असणार.

दुपारी जेवताना हंबीरराव मंचाचं वर्णन बायकोला सांगत होते. विजयमाला एरवी तपासात तोंड घालत नसे. ती वाढता वाढता थांबली.

"नारळ कुटं हुता म्हनालात?"

"तसबिरीच्या डाव्या अंगाला. खणावर."

"आन् पुस्तक कुटं ठेवलेलं?"

हंबीररावांचा घास हातातच राहिला. पुस्तक डाव्या अंगालाच होतं.

"देवीपुढची ओटी मदोमद ठेवत्यात," विजयमाला म्हणाली. "बाजूला न्हाई. पुस्तकाच्या जागी ठेवली म्हंजे कुणीतरी देवीपुढनं पुस्तक उचललं, आन् मोकळी जागा सोडाय तिचा जीव झाला न्हाई. चोर न्हाई त्यो. बाई हाय."

सभेआधी हळदीकुंकू वाहायला चार बायका मंचावर चढल्या होत्या. एक मनुबाई; ती तर कार्यालयाबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती. उरलेल्या तिघीही तात्यांकडं मुलं नेलेल्याच. हंबीरराव त्याच दुपारी निघाले.

४

मलकापूरला दगडाबाई परसात भांडी घासत होती. खाकी कपडे दिसले तशी ती उठली, राखेचे हात तसेच ठेवून. अजून एक शब्दही विचारलेला नव्हता.

"मला ठावं हुतं तुमी येनार," ती म्हणाली. "माज्याच हातनं झालं, साहेब. माज्या मालकांना सांगू नगासा."

हंबीररावांनी वही मिटली. "कुठं आहे?"

"कोन?"

"मुलगा."

दगडाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू त्यांनाच कळत नाहीये. "मुलगा शाळंत ग्येलाय की. तुमी चुलीचं इचाराय आलाव न्हवं?"

५

ते बाहेरच्या बाजेवर बसले. दगडाबाई उंबऱ्यात.

तात्यांच्या पथ्यात आंबट नाही, ओरडणं नाही, मारणं नाही. पण सगळ्यांत मोठं पथ्य आईकडं. सव्वा महिना मुलाच्या नजरेला चुलीचा जाळ पडता कामा नये. पडला, तर दृष्टी जळते आणि केलेलं सगळं वाया जातं.

"एक खोली आमची, साहेब. चूल हितं, पोरगं हितं. मी पाट आडवा लावायची, लुगडं बांधायची. थंडीत एक दिस पोरगं अंगाला अंग लावून बसलं. म्हनलं, बसू दे वाईच. बगितला त्यानं जाळ. मी बगितलं त्यो बगताना." तिनं डोळ्याला पदर लावला. "गुन आला न्हाई. तात्यांनी इचारलं, पथ्य पाळलं का? म्हनलं, पाळलं. खोटं बोलले. त्यांची काय चूक? आन् फौजदाराची पोर बी जाती म्हनत्यात तिकडं. मोठी मानसं उगंच जात्यात व्हय?"

हंबीररावांनी वही पुन्हा उघडली. पुस्तकाचं विचारलं, तर तिला खरंच काही माहीत नव्हतं.

दुसरं घर कऱ्हाडच्या अलीकडं. तिथली आई तरणी, शिकलेली, दारातच म्हणाली, "आमच्याकडून एकदाच झालं. स्टो पेटवताना." पुस्तकाचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली: हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

तिसरं घर मसूरच्या वाटेवर, बनुबाईचं. तिची मुलगी ओट्यावर बसली होती, मांडीवर पुस्तक. मुखपृष्ठावर हळदीचा ठसा.

बनुबाईनं पुस्तक काढून घेतलं नाही, लपवलं नाही. "न्हेलं मी. त्या पोरासंगं काय केलं न्हाई मी, साहेब, पोरीची आन. त्याला वाचाया आलं ते ह्याच पुस्तकातनं. आमच्या पोरीला दुसरं दिलेलं. म्हनलं, माझं पथ्य मोडलं, तिचा काय गुना? गुनाचं पुस्तक तरी तिच्या हाताला लागू दे. सरस्वतीला नारळ दिला, खन दिला. फुकट न्हाई आनलं."

"आणि वाचतीये ती?"

मुलीनं मान खाली घातली. बनुबाई म्हणाली, "कालच तर आनलंय."

म्हणजे पुस्तक सापडलं, आणि पुस्तकाचा मुलाशी संबंध तुटला. सूत्र हातात होतं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं.

६

मंगळवारी सकाळी पमा शाळेची तयारी करत होती. हंबीररावांनी बनुबाईकडून आणलेलं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं.

"हा धडा वाच बघू."

मोठ्या बहिणीच्याही पुस्तकात हाच धडा होता. पमानं पुस्तक धरलं आणि सुरू केलं. स्वच्छ, ठसक्यात, वाक्यावाक्याला मान डोलवत, सगळा वर्ग मास्तरांच्या मागून म्हणतो तशा चालीत. विजयमाला दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं.

पान संपत आलं. पमा बोलतच राहिली. दोन वाक्यं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि तिनं घाईनं पान उलटलं.

पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य तोंडात.

हंबीररावांनी पुस्तक हळूच बाजूला घेतलं आणि कोपऱ्यातल्या डालड्याच्या डब्यावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय, बाळ?"

"डालडा."

"आणि खाली, बारीक अक्षरात?"

पमा डब्याकडं बघत राहिली. मग वडिलांकडं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्यांनी ठाण्यात, कोठडीच्या गजांआड बघितलं होतं. घरात कधी बघितलं नव्हतं.

"ताई रोज म्हणते ना, ते ऐकून येतं मला," ती म्हणाली. "मारू नका."

विजयमालानं पुढं होऊन पमाला जवळ ओढलं. "तिला काय बोलू नगासा. माजी चूक हाय. पाव्हनं आलेवते तवा. मी भाकऱ्या करत हुते, आन् ही मागनं येऊन गळ्यात पडली." ती आता हुंदके देत होती. "वरीस झालं. म्हनून त्या सभेला आले न्हाई. कुठल्या तोंडानं येऊ?"

चार घरं, चार कबुल्या. आणि प्रत्येक घराला वाटत होतं, चुकलो ते आपण एकटेच.

७

तात्या सोमवारी माधवनगरला परतले नव्हते. साताऱ्यातच भाच्याकडं, अंथरुणावर बसून होते.

"किती मुलांना गुण आला, तात्या?"

"पंधरा-वीस तरी."

"त्यांना कशावरून वाचायला लावलंत?"

"शाळेच्याच पुस्तकावरून. तेच तर वाचता यायला हवं ना?"

"वर्गात धडा सगळे मिळून म्हणतात. वर्षभर. ज्याला अक्षर लागत नाही, त्याचा कान जागा राहतो. निवासला धडा पाठ होता, तात्या. दिवाळीतही आणि परवाही. पुस्तक गेलं तरी तो म्हणू शकला असता. वर्तमानपत्र म्हणता आलं नसतं."

तात्यांनी पांघरूण बाजूला सारलं.

"मी त्याला पढवलं नाही. शपथेवर सांगतो."

"माहीत आहे. तुम्हीही कानानंच ऐकलंत. आता मला एक घर सांगा, ज्यानं चुलीच्या जाळाचं पथ्य सव्वा महिना पाळलं."

असं घर कुठंच नव्हतं. ज्याला पाठ झालं तो तात्यांचा गुण. ज्याला नाही त्याच्या आईचा दोष. पहिला सभेत उभा राहायचा, दुसरी घरात तोंड मिटून बसायची. व्हरांडा भरत राहिला तो असा.

"ही मुलं माझ्याकडे यायच्या आधी कुठं बसायची ठाऊक आहे?" तात्या अचानक म्हणाले. "मागच्या भिंतीशी. ढ म्हणून. छडीच्या खुणा घेऊन यायची. माझ्याकडं त्यांना कोणीतरी नावानं हाक मारायचं. मला वाटलं, चष्म्यानं होतंय. वाटायला बरं होतं ते."

हंबीरराव उठले. दारापर्यंत गेले आणि तिथंच खिळले.

दोन दिवस त्यांनी कऱ्हाड-विट्याच्या गाड्या विचारल्या होत्या. वाचता येणारा मुलगा घरच्याच गाडीत बसणार, म्हणून.

पण ज्याला पाटी वाचता येत नाही, तो पाटी बघत नाही. तो खांब बघतो.

८

पाण्याच्या टाकीजवळचा खांब. रविवारी साडेपाचला तिथं लागलेली गाडी वाईची होती, उलट्या दिशेची.

तिचा कंडक्टर आप्पासो मुळीक स्टँडवरच भेटला. त्यानं आठवायला वेळ लावला नाही.

"व्हय, हुतं की एक पोरगं. खाकी चड्डी. गर्दीत चढलं. लिंब फाट्याच्या फुडं तिकीट मागितलं तर म्हनतंय, कडेगाव! म्हनलं, आरं गड्या, एवढा मोठा घोडा झालास, पाटी वाचता येत न्हाई व्हय रं? लोक हसली. पैसं बी न्हवतं त्याच्याकडं. पाचवडला उतरवलं, म्हनलं, रस्ता वलांड, पलीकडनं साताऱ्याची गाडी घे, कंडक्टरला सांग मी पाठीवलंय म्हनून." हंबीररावांचा चेहरा बघून तो चाचरला. "का, साहेब? काय झालं? मी तर बरूबरच सांगितलं न्हवं?"

"बरोबर सांगितलंस," हंबीरराव म्हणाले.

पाचवड फाट्यावर रस्त्यापलीकडं अंबूबाईचं चहाचं खोपट आहे. तिनं मुलाला बघितलं होतं, उजेड असेपर्यंत.

"हितंच उभं हुतं, ह्या दगडापाशी. गाडी आली की फुडं व्हायचं, पाटीकडं बगायचं, आन् मागं सरायचं. लय गाड्या ग्येल्या, साहेब. साताऱ्याच्या बी ग्येल्या. मला वाटलं, कुनाची वाट बगतंय."

"त्यानं कुणाला विचारलं नाही?"

"न्हाई. मीच म्हनलं, कुटं जायचं रं बाळा? तर म्हनला, 'माजी गाडी याची हाय.' मान ताठ करून म्हनला. म्हनून मी बी गप बसले. मग दिवा लावाय आत ग्येले. भाईर आले तर न्हवतं."

तो कुठल्या गाडीत चढला, ट्रकमध्ये बसला की चालत निघाला, हे सांगणारं कुणी भेटलेलं नाही. पुण्यापर्यंतच्या ठाण्यांना कळवून झालं, विहिरी बघून झाल्या. बनुबाईवर गुन्हा नोंदवलेला नाही; पुस्तक तिच्या मुलीला परत दिलंय. तात्यांनी व्हरांडा बंद केला. महिन्याभरानं मिरजेला दुसऱ्या एकानं निळ्या काचांचे चष्मे द्यायला सुरुवात केली, आणि तिथंही बसायला जागा नाही असं ऐकिवात आहे.

लालासाहेबानं रजा वाढवून घेतली. मुलाचा फोटो कधी काढलेलाच नव्हता, म्हणून त्यानं नुसत्या अक्षरांची पत्रकं छापून घेतली आणि साताऱ्यापासून पुण्यापर्यंत प्रत्येक स्टँडवर, प्रत्येक फाट्यावर स्वतःच्या हातानं चिकटवली. वर नाव, गाव, खुणा. खाली ठळक टायपात: 'निवास बाळा, घरी ये. कोणी रागावणार नाही.'

पाचवडच्या खांबावर ते पत्रक हंबीररावांनी वाचलं. लालासाहेब शेजारीच उभा होता, हातात खळीचा डबा घेऊन. हंबीरराव त्याला काही बोलले नाहीत. परत येताना मात्र एस.टी.च्या आगारात गेले आणि व्यवस्थापकांशी दार लावून बोलले.

तेव्हापासून पाचवडला थांबणाऱ्या गाडीचा कंडक्टर दारात उभा राहतो आणि गाडी कुठं जाणार ते मोठ्यानं ओरडून सांगतो. सातारा, उंब्रज, कऱ्हाड. कऱ्हाडला उतरून कडेगाव. आप्पासो मुळीक तर दोनदा ओरडतो, फाट्यावर चिटपाखरू नसलं तरी. एप्रिल संपेपर्यंत त्या हाकेला कुणी मुलगा पुढं आलेला नाही.